मागून येणारं विमान

थोरली घराच्या दारात पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आठ हजार दोनशे किलोमीटर, अकरा तास चाळीस मिनिटं. चार वर्षं तिने हेच आकडे न येण्याचं कारण म्हणून पुढे केले होते. वडील आज-उद्याचे सोबती आहेत असं कळलं आणि तेच अंतर एका दिवसात कापता आलं. त्यांनी आपल्याला एकदा ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

धाकट्याने बॅग हातातून घेतली. "आलीस एकदाची, ताई! म्हटलं, वाटेत घरच बांधलंस की काय."

"बाबा?"

त्याचं हसू मावळलं. "तू निघाल्यापासून अंतर मोजताहेत. दहा हजार, नऊ हजार... डोळे मिटलेले, फोनही जवळ नाही. मी मोबाइलवर ताडून पाहिलं. वेग तुझ्या विमानाचाच, पण आकडा दोन हजारांनी मागे. तू उतरलीस आणि इकडे ते म्हणाले, अजून दोन हजार. आम्ही म्हटलं, वय झालं."

वडिलांचं आयुष्य विमानतळाच्या मनोऱ्यात गेलं होतं. कोणतं विमान कधी उतरवायचं हे तिथे ते ठरवत. इतक्या वर्षांत त्यांचा आकडा चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

ती खाटेशी वाकली. "बाबा, मी आले."

"चारशे," ते पुटपुटले. "सत्तावीस मिनिटं."

"अहो, पोरगी समोर उभी आहे तुमची," आई म्हणाली. "आता कोणाची वाट बघताय?"

"तीनशे सत्तर."

आईने थोरलीकडे पाहिलं. मग हळूच खाटेची कड धरून ती खाली बसली. तिकडून दुसरं कोणीही येणार नव्हतं. धाकट्याने उगाच पडदा सारला. बाहेर निरभ्र आभाळ होतं. या घरावरून विमानांचा मार्गच नव्हता.

"डॉक्टरांना लावू का फोन?" त्याने विचारलं.

"सकाळीच हात टेकलेत त्यांनी," आई म्हणाली.

"दोनशे ऐंशी."

आकडे उतरत वीसवर आले तेव्हा कुठूनतरी बारीक घरघर ऐकू येऊ लागली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. ते विमान कोणाला न्यायला येतंय हे थोरलीला कळलं. लहानपणी मनोऱ्यात बापाशेजारच्या स्टुलावर बसून ऐकलेला तो करडा स्वर तिने कसाबसा काढला.

"धावपट्टी मोकळी नाही. वरच घिरट्या घाला."

वडिलांच्या कपाळावर आठी पडली. "परवानगी कोणाची?"

"माझी."

"तू कोण?"

"थोरली."

डोळे उघडले. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. "वाळलीस गं," ते म्हणाले. "जेवतबिवत नाहीस का तिकडे?"

तिला हसू आलं आणि रडूही. घरघर आता थेट छपरावर आली होती. ती पुढे सरकत नव्हती, गोल गोल फिरत होती. धाकटा भिंतीला टेकून उभा होता.

"किती वेळ थांबवलंस त्याला?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

त्यांनी छताकडे कान दिला. "इंधन कमी आहे. वीस मिनिटं. त्यापुढे नाही."

तिने खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि त्या आवाजावर आवाज चढवून न आलेल्या चार वर्षांतल्या पहिल्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली.