सातमची तारीख

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा कागद मशीनला लावला आणि दोनदा काढून फेकला. कारण यात मी कुठंच शूर नाही. सगळीकडं नुसता घाबरलेला आहे. पण डोक्यातून जात नाही, म्हणून बसलो. टायपिंग माझं मीच शिकलोय, चुका असतील.

मी वना. झुलालभाऊंच्या तमाशाचं बुकिंग बघायचो. धुळ्यात स्टॅन्डजवळ भाड्याचा गाळा, बाहेर बोर्ड, आत टेबल, हाच टाईपरायटर आणि एक वही. माघ-फाल्गुनात गावोगावचे पंच यायचे, बयाणा द्यायचे, मी करार टाईप करायचो. गाववाले तारीख सांगत नाहीत. तिथी सांगतात. "चैत वद सातम, आमनी आईनी जत्रा." सातम म्हणजे सप्तमी, छठ म्हणजे षष्ठी. करारात तीच तिथी टाकायची. तारीख मी काढायचो, माझ्या वहीपुरती.

त्या साली मी ती बोटावर मोजली. गाळ्यातल्या इंग्रजी कॅलेंडरात तिथीतली पुनव-अवस तेवढीच असते; पुनवेची तारीख बघितली आणि पुढं एक, दोन, तीन. छठीला मुक्ताईनगरच्या पुढचं गाव घेतलं. दुसऱ्या दिवशी सातम, म्हणून पारोळ्याकडचं गाव घेतलं. गावांची नावं लिहीत नाही. तिकडून अजून बुकिंग येतं.

छठीला पार्टी मुक्ताईनगरकडं गेली. मी उलट्या दिशेला निघालो, उद्याच्या गावात स्टेज, पाणी, बायांच्या उतरायची सोय बघायला. बरोबर रुपचंद. हा आमचा सोंगाड्या, आणि माझा एकच मित्र. आदल्या गावात स्टेजची फळी निसटून त्याचा पाय मुरगळला होता.

"तुझ्याबरोबर येतो," म्हणाला. "तुझं काम तसंही बसून चहा प्यायचंच असतं. जमेल मला."

दुपारी दोनला फाट्यावर उतरलो. गावातून पिपाण्या ऐकू येत होत्या.

"उद्याची जत्रा आणि आजच पिपाण्या?" रुपचंद म्हणाला. "लई हौशी गाव आहे रे."

मी पण हसलो.

वळणावरून पुढं गेलो आणि हसू गेलं. पाळणा फिरत होता. गोडीशेवची दुकानं लागलेली. देवळासमोर बारागाड्या एकीला एक बांधून उभ्या. संध्याकाळी भगत त्या एकटा ओढणार, त्यासाठी पोरं आत्ताच जागा धरून बसलेली. पलीकडं आमचा मंडप ठोकून तयार. पताका लागलेल्या. नवे सदरे घातलेली माणसं आमच्याकडंच बघत होती.

सरपंच धनसिंग आबा पुढं आले. करारावर अंगठा त्यांचाच होता.

"उनात का? गाडी कोठे शे?"

"आबा, गाडी उद्या. सातम उद्या ना?"

"सकाय आठम शे भो. सातम आजच शे."

"आज छठ..."

"छठ बी आजच, सातम बी आजच. ह्या साले सातम तुटनी. पाडवाले मंदिरमा पंचांग वाचं तव्हय गुरवनी बठ्ठास्ले सांगं. तुले कोणी सांगं नई?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. पाडव्याला मी गाळ्यात करार टाईप करत होतो. आता कळलं. सातम त्या दिवशी सूर्य उगवल्यावर लागली आणि दुसरा दिवस उगवायच्या आत संपणार होती. दोन्ही जत्रा एकाच दिवशी. आणि आमची गाडी सव्वाशे किलोमीटर लांब, दुसऱ्या गावच्या मंडपासमोर.

इथं टायपिंग थांबवून उठलो होतो.

पाच मिनिटांत पन्नास-साठ जण गोळा झाले. माझी पिशवी कोणीतरी काढून घेतली, वहीसकट.

"बयाणा खाईसन मोकया व्हयनात!"

"मांगला सालना पार्टीनी कनात जाळी तरी ह्यास्ले अक्कल उनी नई."

रुपचंद लंगडत पुढं झाला, हात जोडले. "आबा, तमाशा आलाच नाही असं कसं म्हणता? अर्धा आलाय की. तो पण एका पायावर."

दोघं-तिघं हसले. काठी घेतलेला एक जण हसला नाही. तो माझ्या गुडघ्यांकडं बघत होता. मारायचं कुठं ते ठरवत असावा, असं मला वाटलं.

आम्हाला देवळाच्या ओट्यावर बसवलं. पंच आत बोलत बसले. लघवीला लागली होती आणि उठायची परवानगी मागायचं धाडस होत नव्हतं. काठीवाला समोर उकिडवा बसलेला.

अर्ध्या तासानं आबा बाहेर आले.

"आज बारागाड्या वढाई जातीन. तमाशा सकाय. लोकेस्ले मी सांगस. पण सकाय दिन बुडाना आगोदर गाडी आठे पायजे. तू जाय, गाडी लई ये." मग रुपचंदकडं बोट केलं. "हाऊ आठेच राही."

आबांची बहीण, भिकुअक्का, वाटीत हळद-चुना कालवून आली आणि रुपचंदचा पाय मांडीवर घेतला. "केव्हढा सुजेल शे रे बापा. जेवाडसू त्याले, काळजी करू नको. आनि असा पाय लईसन तो जाई कोठे?"

इतक्या मायेनं बोलली, की मला काठीवाल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

कारण मला एक गोष्ट माहीत होती. गाडी उद्या इकडंच यायची होती, पण सातम तुटल्याचं मालकांना तिकडच्या जत्रेतच कळणार, आणि झुलालभाऊ गरम, म्हणजे चिडलेल्या, गावात गाडी घालत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावानं बुकिंगवाल्या कौतिकला असंच बसवून ठेवलं होतं. मालकांना फाट्यावर कळलं, आणि त्यांनी गाडी तिथूनच वळवली. कौतिक चार दिवसांनी आला. त्याचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

आता खरं लिहितो. आबा "तू जाय" म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं? सुटलो. हेच वाटलं. मी राहतो, याला पाठवा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण लंगडा माणूस एसटी बदलत एवढ्या लांब कसा जाईल, हे कारण मला लगेच सापडलं. फार लगेच सापडलं.

पिशवी परत मिळाली. वही त्यांनी ठेवून घेतली.

रुपचंद पाय लांब करून गोडीशेव खात बसला होता. काठीवाला त्याच्या शेजारी. मी वाकलो, तर हळू आवाजात म्हणाला, "मालक येतील?"

"येतील की."

"तोंड बघ तुझं. सोंग माझ्याकडून शिक जरा."

त्यानं हातातली शेव खाली ठेवली. ती नुसती एका टोकाला कुरतडलेली होती, ते मला तेव्हा दिसलं. इतका वेळ तो सगळ्यांना हसवत होता.

"वना, वाटेत जळगाव लागतं. तिथं तुझं घर आहे. तू उतरलास तरी मी शिव्या देणार नाही. कौतिकला मी पाहिलंय, तू पण पाहिलंयस. फक्त माझ्या बायकोला सांगायला तू जाऊ नको. दुसऱ्या कोणाला पाठव."

"गप रे."

"खरं सांगतोय."

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. काठीवाला म्हणाला, "जाय ना भो, गाडी निघी जाई."

मी रुपचंदचा हात धरला.

"ऐक. मालक हो म्हणाले तर गाडीत बसून येईन. नाही म्हणाले तर एसटीनं एकटा येईन. जळगावला उतरणार नाही. उद्या दिवस बुडायच्या आत मी या ओट्यावर तुझ्याशेजारी बसलेला असेन."

"एकटा आलास तर दोघांना मारतील."

"मारू दे दोघांना. पण मी येतो."