पाणी गेलं

"कठडा कुठाय?"

ब्रुज या कालव्यांच्या गावात पोचल्यावर अंबिकाबाईंनी विचारलेला पहिला प्रश्न हा.

मनस्विनी हसली. "आई, सातशे-आठशे वर्षांचं गाव आहे हे. जगभरातून लोक बघायला येतात, आणि तू कठडा शोधतेस!"

अंबिकाबाई बघतच होत्या. विटांची उंच, चिंचोळी घरं आणि त्यांच्या भिंतींना घासून उभं असलेलं काळपट हिरवं पाणी. त्या पाण्यात तीच घरं पुन्हा उलटी टांगलेली. कुठे गुडघ्याएवढी दगडी भिंत होती, कुठे तीही नव्हती. रस्ता संपला की थेट पाणी. आणि त्या रस्त्याच्या अगदी कडेने, हात पाठीमागे बांधून, सकाळचा फेरफटका मारावा तसे व्यंकटराव चालले होते.

"अहो, आतल्या बाजूनं चाला."

"का? बाहेरच्या बाजूला पाणीपट्टी लागते का?"

बोलणं असं खणखणीत होतं म्हणूनच तर मुलीला अजून काही कळलं नव्हतं. ब्रसेल्सला तिच्याकडे येऊन आठवडा होत आला होता आणि अंबिकाबाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं. दिवाळीपासून व्यंकटरावांचं मन मधूनच निसटायचं. सकाळी अग्रलेखावर तावातावाने बोलणारा माणूस दुपारी विचारायचा, "बेगमपुऱ्याच्या घराची किल्ली कुणाकडं दिली?" बेगमपुऱ्याची भाड्याची खोली सोडून जन्म लोटला होता. सांगितलं असतं तर मनस्विनीने पुण्याला चिन्मयला फोन केला असता, भावाबहिणीने ठरवून उस्मानपुऱ्याचं घर बंद करायला लावलं असतं. "तुला एकटीला नाही झेपायचं, आई," हे वाक्य अंबिकाबाईंना आधीच ऐकू यायचं. म्हणून त्या गप्प राहिल्या आणि नवऱ्याच्या सावलीसारख्या मागे फिरत राहिल्या.

घरी असताना ते जमतही होतं. गल्ली ओळखीची, माणसं ओळखीची. पण यंदाचा उन्हाळा असा होता की लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उस्मानपुऱ्यात नळाला कधी तीन दिवसांनी पाणी, कधी पाच; तेही पाणी सोडणारा लाइनमन चावी फिरवेल तेवढंच. पाण्याच्या दिवशी कुणी लग्नाला जायचं नाही, मयताला गेलं तरी आल्या पावली परतायचं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी "पाणी आलं!" म्हणून ओरडलं की आजारी माणूससुद्धा उठून बसायचा. व्यंकटराव तर सर्वांत आधी. धाकट्या भावाचं नाव विसरलेला माणूस हंडा-कळशी विसरत नव्हता. "इकडेच या उन्हाळ्यात," मनस्विनी म्हणाली होती, "इथे पाण्याला तोटा नाही."

तोटा नव्हता हे खरंच.

मोठ्या चौकात उंच मनोऱ्यावरच्या घंटा वाजायला लागल्या. एक नाही, दोन नाही, घंटांचं गाणंच. मनस्विनीने दोघांना उभं करून फोटो काढला. व्यंकटराव रंगात आले होते.

"आपल्याकडं नहर होतीच की," ते म्हणाले. "फक्त आपली जमिनीच्या पोटातून. हर्सूलकडनं मातीच्या नळांतून खळखळत यायची. बेगमपुऱ्यात थत्ते हौदावर हिनं पाणी भरलंय, विचार."

"भरलंय," अंबिकाबाई म्हणाल्या. "नवी नवरी, बहात्तरचा दुष्काळ, आणि सासूबाई म्हणायच्या, सांडलंस तर मोजून घेईन."

"मग तुमच्या नहरी बघायला का नाही येत कुणी?" मनस्विनीने डिवचलं.

"यांनी उघड्या ठेवल्या. आपण वरून रस्ते केले, प्लॉट पाडले. आता खोदकामात नळ फुटला की कळतं, अरे, इथं नहर होती."

मुलगी हसली. आज दिवस चांगला दिसतो, अंबिकाबाईंना वाटलं. आजचा दिवस निभला म्हणजे झालं.

मग होडीची फेरी. होडीवाला तीन-चार भाषांत तेच तेच सांगत होता. पूल इतके ठेंगणे की खालून जाताना सगळ्यांना मान वाकवावी लागे.

"फुकटात नमस्कार करायला लावतात," व्यंकटराव म्हणाले.

"फुकटात कुठं, बाबा? तिकीट काढलंय."

अंबिकाबाईंनी नवऱ्याच्या स्वेटरचा कोपरा मुठीत धरला होता. पाणी हाताच्या अंतरावर होतं. त्याला तळ दिसत नव्हता. एका वळणावर एक जुनं घर आलं, त्याचा दरवाजा सरळ पाण्यात उघडत होता. उंबरठ्याला पाणी लागलेलं, आणि उंबऱ्यात लाल फुलांची कुंडी. आयुष्यभर पाण्यामागे धावलेल्या बाईला ते बघून हसू आलं. पहिल्यांदाच जीव मोकळा होऊन त्या बोलून गेल्या,

"अहो, बघा तरी! पाणी आलं दारात!"

व्यंकटरावांनी मान वळवली. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. डोळे तसेच उघडे होते, पण त्यांतला माणूस दुसरीकडे निघून गेला होता.

"भांडी कुठायत?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय बाबा तुम्ही पण!" मनस्विनीला तो विनोद वाटला. अंबिकाबाईंनी स्वेटर दोन्ही हातांनी धरला.

होडीतून उतरल्यावर ते पुन्हा बोलू लागले, इकडचं तिकडचं. अंबिकाबाईंनी स्वतःची समजूत घातली. झाडाखालच्या बाकावर तिघं बसली. भाकरीच्या पिठासारखं दाटून आलेलं आभाळ, थंडगार वारा, आणि इतका वेळ अंबिकाबाईंनी रोखून धरलेलं आता रोखवेना.

"मनू, मी त्या समोरच्या स्वच्छतागृहात जाऊन येते. तू बाबांजवळ बस. उठू नकोस हं."

"हो गं."

मुलीला काय ठाऊक? समोर गरम वाफल्सचा ठेला होता, रांग छोटी होती. बाबांना गोड आवडतं. ती उठली, आणि वडिलांना म्हणाली, "बसा, आलेच."

अंबिकाबाई परत आल्या तेव्हा बाकावर नुसती पिशवी होती.

मनस्विनी कागदी बशी सांभाळत आली. "बाबा कुठे गेले?"

"तुला उठू नको म्हटलं होतं ना!"

"अगं, इथेच असतील. एवढी काय घाबरतेस? मोठा माणूस आहे."

"त्यांना कळत नाही, मनू." आवाज फाटला. "दिवाळीपासून. मधूनच काही कळत नाही. कुठं आहोत तेही नाही."

मनस्विनीच्या हातातली बशी कलंडली. तिने एकदाच आईकडे पाहिलं, आणि मग "बाबा! बाबा!" करत चौकाच्या दिशेने पळाली.

अंबिकाबाईंनीही हाक मारायला तोंड उघडलं. पण कोणती हाक? नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. "अहो!" त्या ओरडल्या. दोन-चार परक्या माणसांनी वळून बघितलं. "अहो!" या गावात कोण ओळखणार त्या हाकेला?

त्यांनी पिशवी उचलली. ती हलकी लागली. सकाळी पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या, पिऊन रिकाम्या झाल्या म्हणून परत आत ठेवलेल्या. त्या नव्हत्या.

अंबिकाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. ते वाट चुकले नव्हते. ते पाणी भरायला गेले होते. 'पाणी आलं' म्हणून आपणच त्यांना सांगितलं.

मनस्विनी धापा टाकत परतली. "चौकात नाहीत. पोलिसांना सांगू या."

"चौकात नको शोधू. पाण्याच्या काठानं चल. जिथं खाली उतरायला पायऱ्या असतील तिथं."

दोघी निघाल्या. घंटांचं गाणं पुन्हा सुरू झालं होतं आणि आता ते कानांत खिळे ठोकल्यासारखं वाजत होतं. प्रत्येक वळणावर पाणी. गुळगुळीत, गप्प. राजहंस जसे काही झालंच नाही असे तरंगत होते. अंबिकाबाईंना बहात्तर सालची माहेरच्या गावाची विहीर आठवली. तळाला वितभर पाणी, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि दगडाबाई नावाची बाई कळशी बुडवायला वाकली ती वर आलीच नाही. तोल गेला, कडेच्या कपारीत डोकं आपटलं. शेजारी उभ्या असलेल्या बायकांना आवाजही आला नव्हता. पाण्यात जाणारं माणूस ओरडत नाही, हे तेव्हा कळलं होतं. म्हणून आता त्या ऐकत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

एका दगडी पुलाच्या पलीकडे त्यांना बूट दिसले.

काठाला, शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेले. आत मोजे खोचलेले. चामडी बूट, चिन्मयने घेऊन दिलेले.

मनस्विनीने आईचा दंड धरला. पाण्याला चपला घालून जायचं नसतं, नहरीच्या हौदावरही नाही, हे सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांना शिकवलं होतं. बूट होते म्हणजे माणूस खाली उतरला होता. पुढचं पाऊल टाकायला अंबिकाबाईंना सगळ्या जन्माचं बळ लागलं.

खाली पायऱ्या होत्या, अरुंद, हिरव्यागार. सर्वांत खालच्या पायरीवर व्यंकटराव उकिडवे बसले होते. विजारीचे पाय दुमडलेले. एक बाटली भरून शेजारी ठेवलेली, दुसरी ते पुढे वाकून पाण्यात धरत होते. पाणी आत जाताना गुडगुड आवाज येत होता. शेवाळावर त्यांची टाच थोडी थोडी सरकत होती, आणि पुलापलीकडून होडीच्या इंजिनाची घरघर जवळ येत होती.

"बाबा..." मनस्विनीचा आवाज चढायच्या आत अंबिकाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. दचकले की गेले. खाली जावं तर आपलाच पाय घसरणार, आपल्या धक्क्याने तेही जाणार. "पुरे झालं" म्हणून भागणार नव्हतं. पाणी चालू असताना पुरे झालं असं उस्मानपुऱ्यात कुणी म्हणत नाही. पाणी असेपर्यंत तो माणूस उठणार नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारातून बोलतात तसल्या, किंचित वैतागलेल्या, रोजच्या आवाजात अंबिकाबाई म्हणाल्या,

"अहो, पाणी गेलं."

व्यंकटरावांचा हात थांबला. "इतक्यात?"

"हो. लाइनमननं चावी फिरवली. या वर."

"ही अर्धीच झाली."

"असू दे. आता गढूळच येतंय."

ते क्षणभर पाण्याकडे बघत राहिले. समोर काठोकाठ भरलेली नहर. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की बायकोवर, हे ते ठरवत होते.

मग त्यांनी बाटलीला झाकण लावलं. "मेल्यांनी आजही पंधरा मिनिटंच सोडलं," असं पुटपुटत, भिंतीला हात लावून, एक एक पायरी चढत ते वर आले. मनस्विनीने त्यांना दंडाला धरून आत ओढलं. तेवढ्यात होडी पुलाखालून बाहेर पडली. तिची लाट आली आणि खालची पायरी पार धुऊन गेली. होडीतल्या कुणीतरी हात हलवला.

"एवढं तरी मिळालं," व्यंकटराव म्हणाले आणि हिरवट पाण्याची बाटली त्यांनी लेकीच्या हातात दिली. "पिण्याचं वेगळं ठेव. गाळून घे."

मनस्विनी बाटली छातीशी धरून रडायला लागली. अंबिकाबाई खाली बसल्या आणि नवऱ्याच्या पायांत मोजे चढवू लागल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"घर बंद करायला लावाल म्हणून."

मनस्विनीने डोळे पुसले, आणि वडिलांच्या दुसऱ्या पायाचा मोजा हातात घेतला.

परतीच्या गाडीत दोघींनी त्यांना मध्ये बसवलं. बराच वेळ ते डोळे मिटून होते. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी येणार म्हणाला लाइनमन?"

अंबिकाबाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर मनस्विनीनेच दिलं. "परवा, बाबा. संध्याकाळी."

"बरं. परवा कुणी बाहेर जाऊ नका."

गाडी पळत होती. उतरत्या उन्हात रुळांच्या बाजूने एक रुंद, सरळ कालवा गाडीबरोबर धावायला लागला. काचेतून त्याचा उजेड व्यंकटरावांच्या तोंडावर पडला. ते पुढे झुकले.

"ते काय चमकतंय?"

अंबिकाबाईंनी स्वेटरचा कोपरा मुठीत घट्ट केला. "रस्ता आहे हो. नवीन डांबरी."

व्यंकटरावांनी थोडा वेळ पाहिलं.

"नहरीवरून नेलेला दिसतोय," ते म्हणाले आणि मागे टेकले.

कालवा संपेना. अंबिकाबाईंनी मूठ सोडली नाही.