फुलीचा फोटो

लेणी, मकबरा, दरवाजे यांचे फोटो सगळेच काढतात. मला त्याचा राग येतो. मी गावोगाव हिंडतो ते कुणी ढुंकूनही न पाहिलेलं टिपायला. म्हणून नाशिकहून आलो, मकबऱ्याकडे पाठ फिरवली आणि गारखेडा भागातल्या एका गल्लीत शिरलो.

तिथं एका निळ्या दारावर लाल फुली होती. रंग ओघळून उंबऱ्यापर्यंत आलेला. मी फोटो काढला आणि दारातल्या माणसाला म्हणालो, "काय सुंदर फुली आहे हो!"

शहाणपण उतू चाललं होतं माझं. रस्ता रुंद करायला जी घरं पाडायची होती त्यांवर ती फुली मारली होती, हे मला थप्पड बसल्यावर कळलं.

"घर पडायलंय आमचं, आन् तुला सुंदर दिसतंय व्हय?"

त्यानं कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. मीही पेटलो, ट्रायपॉड त्याच्या बरगडीत हाणला. मग त्यानं माझं बोट धरून उलटं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"राजेंद्र, सोड त्याला!" त्याची म्हातारी आई, मनकर्णाबाई, बाहेर आली. मला म्हणाली, "फोटो काढतुस ना बाबा? मग घराचा काढ. एक बी फोटो नाय आमच्याकडं. मशीन यायच्या आत काढ."

ती पदर सावरून उंबऱ्यावर बसली. पण माझं बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं, बटण दाबवेना. मी कॅमेरा राजेंद्रच्याच हातात दिला. लाज दोघांनाही वाटली.

त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. "आये, जरा हास की."

ती हसली. त्यानं बटण दाबलं, आणि गल्लीच्या तोंडाशी बुलडोझर वळला.

राजेंद्र ओरडत धावला. हातात दगड नव्हता, कॅमेरा होता. तोच त्यानं भिरकावला. बुलडोझरची काच फुटली, चालकाच्या कपाळातून रक्त आलं. सोबतच्या चौघांनी राजेंद्रला खाली पाडून लाथांनी तुडवलं. मनकर्णाबाई त्याच्या अंगावर पडली तेव्हा कुठं ते थांबले. कॅमेरा चाकाखाली गेला. मी धावत जाऊन त्यातलं मेमरी कार्ड शोधलं. त्याचे दोन तुकडे झाले होते.

मग निळं दार भिंतीसकट खाली आलं. मनकर्णाबाई रस्त्यावर बसून, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन ते बघत होती.

"आला का रं फोटो?" तिनं विचारलं.

राजेंद्रनं सुजल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तुकडे मुठीत झाकले.

"छान आलाय, आजी," मी म्हणालो.