काचेआडचं कापड

निळ्या दोऱ्यानं भरलेल्या जर्मन ओळीत एक अक्षर गळलं होतं आणि एल्फ्रीडाची नजर नेमकी तिथंच अडली — लहानपणी घरी चुलीमागच्या भिंतीवर असायचं हे कापड, धुरानं पिवळं पडलेलं. उसवायला गेले तर विरेल, राहू दे, म्हणायची आई... पण ते इथं, गावच्या संग्रहालयात, काचेआड? खाली पोर्तुगीजमध्ये पाटी होती : ओस्वाल्दो क्रीगर यांच्या कुटुंबाकडून सप्रेम भेट.

सप्रेम!

सकाळपासून तिचं डोकं तापलंच होतं. लेकीनं, नील्सानं, हौसेनं तिला चाळीस वर्षांनी जन्मगावी आणलं होतं आणि गाव कसं नटून बसलं होतं — बँकेच्या सिमेंटवर जुन्या जर्मन घरांसारख्या लाकडी तुळया रंगवलेल्या, बेकरीच्या दारात जर्मनमध्ये स्वागताची पाटी! याच रस्त्यावर, ती सात वर्षांची असताना, जर्मन शब्द तोंडातून निघाला तर पोलीस उचलून नेत. युद्ध सुरू होतं, ब्राझीलमध्ये त्या भाषेला बंदी होती. आई गाय पिळताना जर्मन गाणं म्हणायची, तेवढ्यावरून क्रीगर दोन शिपाई घेऊन आला. तीन घरं सोडून राहणारा क्रीगर, ज्याच्या स्वतःच्या आईला जर्मनशिवाय दुसरी भाषा येत नव्हती! स्तोत्रांची वही नेली, कापड ओढून काढलं, आईला दोन दिवस कोठडीत ठेवलं. परतल्यावर आई गप्पच झाली. मीठ, किती, नको — बाजारापुरत्या असल्या पोर्तुगीज शब्दांवर तिनं चार मुलं वाढवली.

कशिद्याची चोळी घातलेली, संग्रहालय दाखवणारी तातियाने जवळ आली. "आमची भाषा आहे ही, आजी. जपलीय आम्ही. म्हणून बघा ना माझ्यामागून." आणि तिनं ती ओळ वाचली, गळलेलं अक्षर बिनदिक्कत भरून.

"हे कुणी भेट दिलेलं नाही," एल्फ्रीडा म्हणाली. "आमच्या भिंतीवरून ओढून नेलंय. पाटी बदला."

तातियाने गोरीमोरी झाली. सोमवारी साहेब येतील, विचारते, असं काहीसं पुटपुटली. मग वाचता येतं का तुम्हाला, तिनं हळूच विचारलं.

"आईला कुठलं येतंय," नील्सा सहज म्हणाली. "माझ्या आजीनं तिला शिकवलंच नाही कधी."

शिकवलं नाही...? युद्ध संपलं होतं तेव्हा. बाजारात, गर्दीतून, आईनं तिला कितीतरी वर्षांनी आपल्या भाषेत हाक मारली होती — थंडी आहे, शाल घे — आणि शाळेतल्या मैत्रिणींसमोर अकरा वर्षांची एल्फ्रीडा पोर्तुगीजमध्ये म्हणाली होती, माणसांसारखं बोल. आईनं मान हलवली होती आणि पुन्हा कधी त्या भाषेत हाक मारली नव्हती. तेव्हा कुठलाही शिपाई आला नव्हता.

तातियाने वही घेऊन आली. तक्रार लिहून द्या म्हणाली, कुणी काय केलं ते सविस्तर. एल्फ्रीडानं पेन घेतलं. संताप तसाच होता, तसूभरही उतरला नव्हता. क्रीगरचं नाव तिनं ठसठशीत लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि पुढं दुसरं नाव... पेन कागदावर टेकवून ती उभी राहिली. नील्सा म्हणाली, आई, चल ना. ती हलली नाही.