बिनक्लचची निळी

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघता? भाट्याच्या पुलापलीकडे, धोंडूच्या घरापुढे माडाखाली लांबलचक निळी मोटार उभी आहे ना, तीच मी. गावात मला सगळे 'बिनक्लचची' म्हणतात. आधी राग यायचा. आता ते नाव आवडायला लागलंय.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. माझे गिअर आपोआप पडतात. चालवणाऱ्याने नुसता वेग द्यायचा आणि ब्रेक दाबायचा. मुंबईत एका साहेबाकडे मी ऐटीत राहिले. पुढे पेट्रोल महागलं, माझी भूक सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली आणि माझी रवानगी एका वखारीत झाली. टपावर कबुतरं बसायची. कबुतरांचं काय सांगू, जाऊ दे.

तिथे मला बघायला धोंडू आला. हा जहाजावरचा खलाशी. बंदरात दोर तुटून डाव्या पायावर आदळला, तेव्हापासून त्याचा तो पाय गुडघ्यात वाकत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीचा क्लच दाबणं त्याला शक्यच नव्हतं. माझ्यात बसून त्याने पाय लांब पसरला आणि एकदम हसला. "हिला माझो डावो पाय नकोच हाय!" कुणीतरी मला मिरवण्यासाठी नाही, गरजेसाठी घेत होतं. मला फार बरं वाटलं.

रत्नागिरीला आल्यावर आमचं छान जमलं. पावस गावच्या आंब्याच्या कलमांवर फेरी मारायची, बायकोला, म्हणजे मथुरेला, बाजारात न्यायचं, शेजारी कुणाचं पोट दुखलं तरी आधी चावी उचलायची. घरात बसून कुढणारा माणूस पुन्हा चारचौघांत वावरू लागला.

मग एका पावसाळ्यानंतर माझंच काहीतरी बिनसलं. पावसच्या वाटेवरच्या गोळपच्या चढावर इंजिन बोंब मारायचं, पण चाकं जागची हलायची नाहीत. धोंडूने काशीरामला बोलावलं. हा बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो. हात कसबी, पण डोक्यात सदा लाँच. त्याने माझं इंजिन बंद केलं, गिअरचं तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाला, "धोंडूदादा, तेल भरपूर हाय. हिचे गिअरच संपले."

धोंडूचा धाकटा भाऊ दादू पायरीवरच बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, हिला भंगारात काढ. किती दिवस उरावर घेतलंस हिला!" धोंडू नुसता आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिला. मी गेले असते तर तो परत घरात कुढत बसला असता. हे मला कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

तुळशीचं लग्न जवळ आलं होतं. घरापुढचं अंगण, आमच्याकडे त्याला खळं म्हणतात, मथुरेने चोपून शेणाने सारवलं. इतके दिवस मी रस्त्याकडेच्या तांबड्या मातीत उभी असायचे. आता मला खळ्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सारवणावर लाल थेंब! मथुरा जावेवर करवादली, "आगळाची बाटली नीट धर गो! सारवण नासलंस." कोकमाचं आगळ अगदी त्याच रंगाचं असतं. जाऊबाई बिचारी शपथा घेत होती. तिसऱ्यांदा पुसताना मात्र मथुरेने बोट नाकाशी नेलं.

"अवो, ह्या आगळ नाय! बोटाला तेलकट लागता."

माझं गिअरचं तेल लालच असतं. महिनोन्‌महिने ते त्या तांबड्या मातीत ठिबकत होतं आणि माती ते पोटात घालत होती.

धोंडू काठी टेकत धावला, त्याने काशीरामला बोलावून आणलं. "काश्या, जहाजावर यंत्र चालू असताना तेल नळ्यांत चढता. बंद केलंस की सगळा खाली उतरता!" त्याने मला सुरू केलं, गरम होऊ दिलं, मग चालू इंजिनावर पट्टी ओढली. टोक जेमतेम ओलं. मी उपाशी होते हो, म्हातारी नव्हते!

आता घालायचं काय? काशीराम म्हणाला, "लाँचीच्या गिअरात घालतो ता चाळीस नंबर तेल ओतूया." धोंडूने नकारार्थी मान हलवली. माझ्या पट्टीच्या मुठीवर तेलाची जात कोरलेली आहे, पण अक्षरं झिजलेली. मथुरेने त्यावर चिमूटभर रांगोळी चोळली आणि अक्षरं पांढरी उठून दिसली. नाटे गावचा गंगाराम, धोंडूचा जहाजावरचा दोस्त, मुंबईहून डबे घेऊन आला. दोन जातींचे, दोन्ही लालच. "लाल ता लाल, कंचाय घाला," काशीराम म्हणाला. धोंडूने रांगोळीची अक्षरं डब्याशी ताडून एकच डबा उघडला. दुसरा गंगारामाला परत.

माझं तेल गरम असतानाच गिअरखालचं तेलाचं ताट उतरवलं. काळपट लाल, करपलेल्या वासाचं तेल निघालं. तेल गाळायची जाळी धुतली. ताटाची गळकी किनार बसवायला काशीरामने कॉर्कच्या, म्हणजे बुचाच्या, पातळ तुकड्यातून इतकी सुबक पट्टी कापली, की मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. ताटातलं तेवढंच तेल बदललं. पोटात उरलेलं धोंडूने राहू दिलं. म्हणाला, "जुना जीव हाय. येकदम सगळा बदलला तर सोसायचा नाय. उरलेला आंब्यांनंतर बघू."

निघताना दादूने माझ्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. तोच तो, भंगारवाला! "बा देवा म्हाराजा, भावाची मोटार गोळपचो चढ चढू दे रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" माझा ऊर भरून आला.

आणि मी चढले. न बोंबलता, न थांबता, मथुरा मागे बसलेली असताना चढले. वर पोचल्यावर धोंडूने एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने डोळे पुसले.

आता मी रोज खळ्यातच असते. सकाळी मथुरा खाली वाकून बघते आणि म्हणते, "कोरडा हाय." तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी जुनी असेल, तर तिच्याही खाली कधी वाकून बघा, एवढंच मागणं. बाकी मला काही नको. माझ्यात तिसऱ्या पेडलची जागा मोकळी आहे. तिथे धोंडूचा डावा पाय लांब पसरलेला असतो, आणि तो तिथे असला की मी खुशाल आहे.