चाळीस घरांचं पाणी

"आधी मातीत बोट घाल, मग पाणी सोड. आणि त्याआधी चहाला तोंड लावू नकोस." सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात माझ्याकडून तसा शब्दच घेतला होता.

माझे धाकटे दीर शिकलेले. त्यांनी अडत्यापासून दुकानदारापर्यंत मधले सगळे काढून टाकले. आता शेत आणि ताट यांच्यामध्ये फक्त मोबाईल. चाळीस घरांनी टोमॅटोचा एकेक वाफा घेतला, मातीत सेन्सर बसले आणि प्रत्येकाच्या फोनवर एक निळा थेंब आला. थेंब दाबला की वाफ्याला पाणी.

"ग्राहकाला पिकाबद्दल आपलेपणा वाटला पाहिजे, वहिनी!"

आपलेपणा उतू गेला. एका घरच्या बाई ऑफिसातून थेंब दाबत, त्यांचे यजमान बसमधून आणि सासरे दुपारी झोप येत नाही म्हणून. दुसऱ्या घरी नात जेवावी म्हणून तिला घासागणिक थेंब दाबायला देत. तिकडे तिचं पोट भरे, इकडे वाफ्याचं तळं होई.

पानं पिवळी पडली. महिन्याभराने चाळीसही घरं पहिल्या तोड्याला येणार होती. पीक गेलं तर ती पुन्हा फिरकणार नव्हती.

"पाणी जास्त होतंय, भाऊजी."

"सेन्सर काय म्हणतो?"

"तो बुडालाय."

"मग दुसरा बसवू."

"आधी पाणी तर थांबवा."

"आणि लोकांना काय सांगू? सगळ्यांनी पाच-पाच तारे दिलेत!"

"तारे काय फोडणीला घालायचे?" आमचे हे पुटपुटले आणि भावाने वळून बघताच पुन्हा क्रेट ठोकू लागले.

टाकीखाली एक जुना, गंजका व्हॉल्व्ह आहे. तो हातानेच फिरतो. मी तो बंद केला. मग रोज बोट घालून बघायचं आणि लागेल तेवढंच सोडायचं. फोनवरचे थेंब लोक दाबतच राहिले. खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे. पण मला कुणी विचारलंच नाही.

सहा वाफे गेले, बाकीचे सावरले. तोड्याच्या दिवशी मंडळी सकाळीच हजर झाली.

"बघा, आमच्या हातचं पाणी!" ते दुपारी झोप न येणारे सासरे लालबुंद टोमॅटो उंचावून म्हणाले.

"लोकसहभागाने उत्पादन वाढतं ते असं," दीर म्हणाले. "पुढच्या हंगामात ऐंशी घरं!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. मी कप बशीने झाकून ठेवला आणि गर्दीमागून वाफ्यांकडे निघाले.