सात देशांची शिट्टी

मी एक शिट्टी बोलतेय. नांदूरघाटात, बसप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेली असते.

माझ्यासारख्या सात शिट्ट्या एकाच खोक्यातून निघाल्या. शेजारच्या सात देशांनी मिळून एक संघटना केली होती. संकटात एकमेकांकडे धावून जायचं, असं ठरलं होतं. त्यांच्या बचाव पथकांचा पहिला एकत्र सराव भरला, तेव्हा मी बसप्पांचा मुलगा वीरेश याच्या गळ्यात आले. वीरेश बचाव दलात हवालदार.

सरावाआधी दोन दिवस नुसत्या बैठका चालल्या. एका देशाची ‘पळा’ची खूण दुसऱ्याकडे ‘थांबा’ची होती आणि कुणी मागं हटेना. शेवटी ठरलं, एक लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी गप्प व्हायचं, म्हणजे ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू येतो.

तेजबहादूर नावाचा, डोंगराळ देशातला जवान मुद्दाम ढिगाऱ्याखाली जाऊन पडला होता. वीरेशनं मला फुंकलं. मशिनी थांबल्या, सात देशांच्या भाषा थांबल्या. दोनशे माणसं श्वास धरून उभी राहिली आणि खालून तेजबहादूरचं खोकणं ऐकू आलं. तेवढी मोठी मी पुन्हा कधीच झाले नाही.

पुढच्या वर्षी दोन सरकारांत बिनसलं. सराव लांबला, मग त्याचं कुणी नावही काढेना. मी खिळ्यावर आले.

गेल्या पावसाळ्यात तेजबहादूरच्या गावावर दरड कोसळली. वीरेश सुट्टीवर होता. त्यानं मला काढलं, पिशवी भरली, साहेबांना फोन लावला. हुकूम येईना.

“मानसं दबलीत तिथं. कावून थांबलाय तू?” बसप्पांनी विचारलं.

“आप्पा, त्यांच्या सरकारनं बोलवाया पायजे, आपल्यानं हो म्हनाया पायजे. मी येकटा जाऊन काय करू?”

तीन दिवस पिशवी दारात होती. चौथ्या दिवशी तेजबहादूरचाच फोन आला. तो सांगत होता, पहिल्या दिवशी दरडीखालून त्याच्या बहिणीचा आवाज येत होता. त्यानं आपली, माझ्याच खोक्यातली शिट्टी लांब वाजवली, पण तिथं जमलेल्यांना ती खूण कुणी शिकवलीच नव्हती. हा मदतीला बोलावतोय असं समजून लोक ओरडत धावत आले. त्या गलक्यात तिचा आवाज हरवला. तिसऱ्या दिवशी ती सापडली, तेव्हा उशीर झाला होता.

फोन ठेवून वीरेशनं पिशवी सोडली आणि मला पुन्हा खिळ्याला टांगलं.

म्हणून साती सरकारांना सांगते. भांडा, हवा तर अबोला धरा, पण वर्षातून एकदा तेवढी पथकं भेटू द्या. शिट्टीला स्वतःचा अर्थ नसतो. तो माणसांनी आधी एकत्र बसून ठरवावा लागतो.

सराव पुन्हा भरवा, असा अर्ज वीरेशनं साहेबांमार्फत वर पाठवला आणि तो ड्युटीवर गेला. मला विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कळत नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बसप्पा त्याला फोन करायचे, “आलं का काई उत्तर?” दिवाळीनंतर त्यांनी ते विचारणं सोडलं. आता फोनवर ते फक्त तब्येतीचं बोलतात.